केशरी जावई

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन उजव्या डोळ्याची पट्टी निघाली, त्या दिवशी वन्सं घरी आल्या आल्या थेट मागच्या खोलीत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "वहिनी, चिमटे कोणी बदलले?"

मी नुकतीच जिना चढून आले होते. हल्ली जिना चढून आले की थोडा वेळ मला कोणी काही विचारू नये असं वाटतं. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले.

"कुठले चिमटे?"

"डब्यांवरचे. मी नसताना या खोलीत कोण आलं होतं?"

"कोण येणार? मीच होते. तुमच्या काळजीनं घास उतरत नव्हता."

"काहीतरीच. पावाचं पाकीट रिकामं दिसतंय."

आमच्या मागच्या खोलीत साप आहेत. मक्याचे साप, पाळणारे त्यांना कॉर्न स्नेक म्हणतात. बिनविषारी, उभे धरले तर फार तर माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढे लांब, आणि स्वभावानं आमच्या घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा गरीब. एकेका डब्यात एकेक राहतो. खाली लाकडाचा भुसा, एका टोकाला उबेची पट्टी, दुसऱ्या टोकाला पाण्याची वाटी. आणि प्रत्येक डब्याच्या कडेला कपडे वाळत घालायचा एक चिमटा. ही वन्संची पद्धत. केशरी सापाला लाल चिमटा, राखी सापाला पांढरा, साध्या रंगाच्या सापाला पिवळा. दारातून नजर टाकली की खोलीत कोण कोण आहे ते कळतं.

मी आत गेले तेव्हा वन्सं राखी सापांच्या फळीसमोर उभ्या होत्या. हातात एक चिमटा होता. आधी एक डोळा मिटून त्यांनी तो पाहिला, मग दुसरा मिटून.

"हा पिवळा आहे," त्या म्हणाल्या.

"पिवळाच आहे."

"आणि हा शेजारचा पांढरा."

"हो."

"मग राखीच्या डब्याला पिवळा कसा लागला?"

"तुम्हीच लावलात. मी चिमट्यांना हात लावते का कधी?"

त्या पुन्हा एक डोळा झाकून पाहू लागल्या. डाव्या, न कापलेल्या डोळ्याला दोन्ही चिमटे सारखेच दिसत होते, जुन्या कागदासारखे. उजव्याला एक पांढरा आणि एक पिवळा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं हळूहळू पिवळं होत जातं, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही.

"चिमटेच तर आहेत," मी म्हटलं. "चला, चहा टाकते."

पण मला माहीत होतं, हे चिमट्यांवर थांबायचं नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण, वयानं माझ्याच बरोबरीची. लग्न केलं नाही. मी या घरात आले तेव्हा त्या होत्या, आणि हे गेल्यावरही आम्ही दोघी राहिलोच. इतक्या वर्षांत भांडणं पुष्कळ झाली, पण अहोजाहो सुटलं नाही. एकदा मी रागानं बशी आपटली तेव्हासुद्धा त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी, तुम्ही दुसरी घ्या, ही जाड आहे, फुटायची नाही."

त्यांची नोकरी रंगाच्या दुकानात. भिंतींचे, दारांचे रंग. गिऱ्हाईक घरच्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचं आणि म्हणायचं, हाच रंग हवा. वन्सं तो पोपडा दारात उजेडाला धरायच्या, मग आत जाऊन पांढऱ्यात कशाचे चार थेंब, कशाचा एक, असं करत तोच रंग घोटून द्यायच्या. पुढे दुकानात यंत्र आलं. मालक यंत्राचा रंग आधी वन्संना दाखवायचा आणि मग गिऱ्हाइकाला.

सापांची सुरुवात मात्र ह्यांच्यामुळे झाली. हे भाड्याच्या खोल्यांची एक मोठी इमारत सांभाळायचे. एक भाडेकरू न सांगता निघून गेला आणि मागे काचेच्या पेटीत साप ठेवून गेला. हे ती पेटी घरी घेऊन आले. म्हणाले, दोनचार दिवस राहू दे, मालक न्यायला येईल. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसले होते. वन्सं मात्र पेटीशी गुडघे टेकून बसल्या आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "वहिनी, खाली उतरा. हा रंग बघा. हा मला कधीच जमला नसता."

तो विटकरी रंग होता, पाठीवर खोगिरासारखे लाल डाग, प्रत्येक डागाला काळी किनार, आणि पोटाला काळेपांढरे चौकोन, मक्याच्या जुन्या रंगीत कणसासारखे. त्याचं नाव भाडेकरूच पडलं. मालक कधी आला नाही. मी ओट्यावरून उतरले ती हळूहळू, आणि पुढे सगळ्या खोलीचं खाणंपिणं माझ्याच गळ्यात आलं. माझ्या फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या शेजारी गोठवलेले उंदीर राहू लागले. मुलगा लहान होता तेव्हा त्याचे मित्र आमच्याकडे आइस्क्रीम खायला यायचे नाहीत.

भाडेकरूला जोडीदारीण आणली, अंडी झाली, आणि वन्संना रंगांचं वेड लागलं. कारण या सापांत रंग फार. अंगातला काळा रंग जन्मतःच नसेल तर साप केशरी होतो, डोळे तांबडे. लाल नसेल तर राखी. दोन्ही नसतील तर बर्फासारखा पांढरा. पण पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा हे इतकं सरळ नसतं. आज राखी वाटलेल्याच्या गळ्यावर पुढच्या वर्षी पिवळा चढतो, आज गुलाबी दिसणारा उद्या मलईसारखा होतो. शिवाय भेसळ असते. कॉर्नचा एक चुलतभाऊ आहे, राखाडी-तपकिरी, लाल रंग अंगाला नावालाही नाही. त्याची आणि कॉर्नची जोडी जमते, पिल्लंही होतात, चांगली धडधाकट होतात. केशरी कॉर्नच्या घराण्यात तो मिसळला की दोनतीन पिढ्यांनी जी पिल्लं येतात ती फिकी, पिवळसर केशरी. दिसायला सुरेख. बाजारात त्यांना एका आइस्क्रीमवरून नाव ठेवलंय. वाईट काहीच नाही त्यात, फक्त विकणाऱ्यानं सांगायला हवं. पुष्कळ जण सांगत नाहीत.

म्हणून लोक वन्संकडे यायचे. उशीच्या अभ्र्यात साप घालून, बसमधून, लांबून लांबून. वन्सं साप खिडकीशी न्यायच्या. डोळे, डागांची किनार, मग उलटा करून पोट. मग एक शब्द बोलायच्या. त्या शब्दावर लोक जोड्या लावायचे. आणि आमच्या खोलीबद्दल त्या एकच गोष्ट अभिमानानं सांगायच्या, "आमच्याकडे भेसळ नाही."

आता जावयाचं सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडची अंडी खराब व्हायला लागली. पिवळी पडायची, पिचकून आत बसायची. घरातल्या घरात जोड्या लावून रक्त थकलं होतं. बाहेरचा नर हवा होता. सापवाल्यांचा बाजार भरतो, मोठ्या हॉलमध्ये, वर पांढऱ्या नळ्यांचे दिवे. तिथे आम्ही दोघी गेलो आणि एक केशरी नर घेऊन आलो. आमच्या पोरींसाठी बाहेरून आणलेला, म्हणून तो जावई. त्याचा मानही तसाच. पहिला उंदीर त्याला, उबेची नवी पट्टी त्याला.

घरी आल्यावर मी एकदा म्हटलं होतं, "वन्सं, हा जरा पिवळट नाही का हो?"

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तुम्ही पुढच्या खोलीचे पडदे निवडलेत, त्या दिवशीच तुमचं नि रंगाचं काय ते मला कळलं."

विषय संपला. आणि जावयाला यशही भरभरून आलं. अंडी टपोरी, पिल्लं एरवीपेक्षा मोठी, अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच खेपेला उंदराचं पिल्लू गिळणारी. एरवी कॉर्नची पिल्लं खाण्याला फार नखरे करतात. माझे कित्येक उन्हाळे त्यांची मनधरणी करण्यात गेलेत. ही मात्र उंदीर धरलेली सांडशी दिसली की झेपावायची. आम्ही दोघींनी एकमेकींची पाठ थोपटली. वन्सं म्हणाल्या, तुमच्या हाताला यश आहे. मी म्हटलं, तुमची निवड. सगळी पिल्लं केशरी. सगळ्यांच्या डब्यांना लाल चिमटे.

पण मीच थकले. दर आठवड्याला उंदीर कोमट पाण्यात सोडा, डबे पुसा, भुसा बदला, कात गोळा करा. वाकलं की उठवत नाही, उठलं की वाकवत नाही. मुलगा दुसऱ्या गावी असतो. त्यानं त्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर आमच्यासाठी जागा ठरवली होती. जिना नाही, न्हाणीघरात धरायला दांडा, खिडकीबाहेर झाड. घरमालकाची अट एकच: साप नकोत. मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, आत्याला तू सांग. माझं ती ऐकत नाही."

मी सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे वन्सं हो म्हणाल्या. फक्त एक अट घातली, सगळे साप एका जागी जायला हवेत, उकिरड्यावर फेकल्यासारखे वाटून टाकायचे नाहीत. तसा माणूसही सापडला. किल्लीवाला. चौकात त्याचं कुलपांचं दुकान आहे. पूर्वी एकदा आमच्या पेट्यांना छोटी कुलपं बसवायला आला होता आणि स्वतःच अडकला. त्यानं आता घरामागे खोली बांधली होती, फळ्या लावल्या होत्या. तोही भेसळ ठेवत नाही. आमची सगळी खोली तो रविवारी नेणार होता, पुढच्या आठवड्यात आम्ही निघणार होतो. ऑपरेशन मध्येच आलं ते डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली म्हणून. मी तर म्हटलं होतं, नव्या गावी जाऊन करू. ते केलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर कितीदा मनात आलं.

चिमट्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मागच्या खोलीचा पडदा पूर्ण बाजूला सरकवलेला. त्या खोलीत एवढं ऊन मी कधी पाहिलं नव्हतं. वन्सं खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या आणि जावई त्यांच्या हातांवरून सावकाश वाहत होता.

"वहिनी, इथे या. हा कोणता रंग?"

"मला विचारता? पडदेवालीला?"

"सांगा ना."

मी चष्मा लावला. "पिवळट केशरी. पिकलेल्या पपईचा, साल काढल्यावर कडेला असतो तसा."

"आणि आपली थोरली?" त्यांच्या पायाशी डब्यात आमची सगळ्यांत जुनी मादी होती, भाडेकरूची पणती.

"ती लाल. गाजराच्या पुढची."

वन्संनी जावयाला उलटा केला. केशरी सापाच्या पोटावर काळा नसतो, पण पांढऱ्या-केशरी चौकोनांची नक्षी ठसठशीत असते. थोरलीची तशी होती. जावयाच्या पोटावरची नक्षी पाण्यात भिजल्यासारखी पसरली होती.

"कात टाकायच्या आधी रंग उतरतो की," मी म्हटलं. "डोळे दुधाळ झाले असतील त्याचे."

"त्याचे नाहीत. माझे होते." त्या हसल्या, पण तोंडातल्या तोंडात. "किती वर्षं दुधाळ होते, वहिनी. आता कात टाकली."

"मग टाकली तर टाकली."

"याच्यात लाल नाहीच. पांढऱ्या दिव्याखाली घेतला, पिवळ्या डोळ्यानं बघितला. आणि पिल्लं बघा ना. मोठी का झाली? खायला का लागली लगेच? त्या चुलतभावाची पिल्लं तशीच असतात, मोठी आणि खादाड. आपण म्हटलं, आपल्या हाताचं यश." त्यांनी जावयाला डब्यात सोडलं. तो सरळ भुशाखाली गेला, आपल्याविषयी काय बोलणं चाललंय याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा.

"नक्की आहे का?"

"नक्की कसं सांगणार? त्याच्या आईबापांना कोणी पाहिलंय? पण दुकानात कोणी हा पोपडा आणला असता आणि विचारलं असतं की यात पिवळा आहे का, तर मी काय सांगितलं असतं?"

 मी कोमट पाण्याचं भांडं आणायला आत गेले. त्या दिवशी खाऊ घालायचा वार होता. साप भेसळीचे असोत की चोख, उंदीर तितकेच लागतात.

रविवारच्या आदल्या दिवशी मुलाचा फोन आला. सामानाची गाडी ठरवली म्हणाला. "आत्या कुरकुर करत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. फोन ठेवला आणि वन्संच्या समोर जाऊन बसले.

"उद्या तुम्ही काय बोलणार आहात त्याला?"

"जे आहे ते."

"काय आहे? तुम्हीच म्हणालात नक्की नाही. मग नक्की नसलेली गोष्ट कशाला बोलायची?"

"तो शुद्ध म्हणून नेतोय, वहिनी."

"शुद्ध! आपला पहिला कुठून आला? रिकाम्या खोलीतून. त्याचं कुळ विचारलं होतंत कोणाला?"

"त्याचं पोट पाहिलं होतं मी. तेव्हा डोळे चांगले होते."

"त्याला काय फरक पडतो? सगळे निरोगी आहेत. खातात, झोपतात. तो त्यांना चांगलं ठेवेल."

"आणि पुढे पिल्लं विकेल, आपल्या घरातली म्हणून. घेणारा आणखी जोड्या लावेल."

मला रडू यायला लागलं. सापांचं नव्हतं ते. गुडघ्यांचं होतं, जिन्याचं, त्या खिडकीबाहेरच्या झाडाचं. मी म्हटलं, "वन्सं, मला आता उंदीर भिजत घालायचे नाहीत हो. मला खालच्या मजल्यावर बसायचं आहे. एका डोळ्यावरची पट्टी निघाली म्हणून माझं सगळं मोडायचं का? दुसरा डोळा आहे ना अजून? त्यानं बघा. त्या डोळ्याला तो केशरीच आहे."

 त्या उठल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात असं फार होत नाही.

"मग एवढे हाल करून हा कापला कशाला?" त्या म्हणाल्या.

  रविवारी त्या काय करतील ते मला कळलं होतं, आणि मी अडवणार नाही हे त्यांना.

किल्लीवाला सकाळी टेम्पो घेऊन आला. बरोबर बायको होती, तिच्या हातात पिशव्या आणि जुनी चादर. तो इतका खुशीत होता की जिना दोन दोन पायऱ्यांनी चढला.

"आत्या, नवा डोळा काय म्हणतो? मी आता चोर दिसतो का?"

"चोर नाही. पण शर्ट विजोड आहे."

"बघ, मी म्हटलं होतं," बायको त्याला म्हणाली.

वन्संनी त्याला बसू दिलं नाही. सरळ खिडकीशी नेलं, जावई काढून त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. भिंग, पांढरे दिवे, चिमटे, पोटावरची पसरलेली नक्षी, खादाड पिल्लं. तो ऐकत होता आणि साप उजेडात फिरवत होता. मी दारात उभी राहून त्याचा चेहरा पाहत होते. एकदा वाटलं, म्हणेल चालतंय. त्याच्या बायकोनं हात पुढे करून जावयाला घेतलं. "किती गोड आहे हा," ती म्हणाली.

"म्हणजे नक्की नाही ना, आत्या?" त्यानं विचारलं.

"नक्की कधीच होणार नाही. पण मी तुझ्या जागी असते तर घेतला नसता."

 त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आमचं जाणं माहीत होतं. चादरीची घडी त्यानं उगाच उलटी घातली. "मावशी, मला वाईट वाटतं. पण माझ्याकडे लोक फक्त एवढंच बघून येतात. आणि मी तरी घेऊन कुठे ठेवू? वेगळी खोली नाही माझ्याकडे."

"तू काय चुकीचं बोलतोस?" मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला. "जे जुने आहेत ते ने."

मग निवड सुरू झाली. वन्सं एकेक डबा काढत होत्या, उजेडात धरत होत्या, आणि चिमटा बदलत होत्या. भाडेकरूच्या घराण्यातले, जावयाच्या आधीचे, ते किल्लीवाल्याच्या बायकोच्या हातात. थोरलीसुद्धा गेली. सगळे राखी गेले, सगळे साधे गेले. जावई आणि त्याची सगळी पोरं फळीवर राहिली. काही डबे उघडून वन्संनी आधी नवा डोळा झाकला, मग जुना झाकला. मी विचारलं, हे कशाला?

"तेव्हा मला काय दिसलं असेल ते बघते. लोकांनाही त्यांचे साप पाहून सांगितलंय ना मी. त्यांना काय सांगितलं असेल ते जुन्या डोळ्यालाच माहीत. म्हणून म्हणते, डावा एवढ्यात कापायचा नाही. आधी सगळ्यांना एकदा बोलवून घेऊ. साप घेऊन या म्हणावं."

"सगळ्यांना?"

"जेवढे येतील तेवढ्यांना. त्यांनाच विचारू, पाळायला एखादा जावयाचा पोरगा न्याल का. जोड्या न लावणारे असतातच की. एकेक करून जातील."

एकेक करून. मी फळीकडे पाहिलं. हे साप वीस वर्षंही सहज काढतात, आणि ही पोरं तर चांगली खाऊनपिऊन टुणटुणीत. आमच्या दोघींपैकी त्यांना शेवटचा उंदीर कोण घालणार, असं मनात आलं, आणि हसूच आलं. मग ते हसू थकल्यासारखं बसलं तोंडावर.

जाताना किल्लीवाला दारात थांबला. "मावशी, कुलपांचं काही असलं तर सांगा. आणि दर आठवड्याला येऊन डबे पुसून देईन. पैसे नको."

"डबे पूस," मी म्हटलं. "उंदीर मीच घालते. तुझ्या हाताची सापांना सवय नाही."

बायको जिन्यात मागे वळली. "आत्या, त्याचा एखादा मुलगा... आम्ही जोडी नाही लावणार. मी नुसता ठेवीन. माझ्या खोलीत. याच्या खोलीत नाही."

"आता बोलतेस?" किल्लीवाला म्हणाला.

"तू विचारलंस का मला?"

वन्संनी तिला सगळ्यांत खादाड पिल्लू दिलं. तिनं ते ओढणीत धरलं. ते ओढणीतून डोकं काढून जिन्याकडे पाहत होतं. गेले ते.

मग मी मुलाला फोन करून सांगितलं, एवढ्यात निघणं होत नाही.  तो म्हणाला, "आई, ती जागा कायम थांबणार नाही."

"माहीत आहे रे."

"आत्याला दे."

मी दिला. वन्सं ऐकत राहिल्या, हं, हं, करत. शेवटी म्हणाल्या, "अरे, तुझी आई दमली आहे, ते मला दिसतंय. आता तर फारच स्वच्छ दिसतंय. म्हणून तर घाई करते आहे." आणि फोन मला परत दिला.

संध्याकाळी मागची खोली निम्मी रिकामी होती. रिकाम्या फळ्यांवर भुशाचा वास तेवढा राहिला होता. मी स्टुलावर बसले. वन्संनी पडदा ओढून घेतला, नेहमीचा दिवा लावला आणि जावयाला बाहेर काढलं. तो त्यांच्या मनगटाभोवती फिरला आणि कोपरापाशी विसावला. त्यांनी तळहातानं उजवा, नवा डोळा झाकला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "या डोळ्यानं काय सुंदर केशरी दिसतो हो. मी चुकले नव्हते. एवढा केशरी मी दुकानात कधी केला नाही."

"बघा मग पोटभर. डावा कापला की जाईल तो."

"म्हणून तर बघते आहे."

 जावई जीभ बाहेर काढून आत घेत होता. मला खाली वाकून उद्याच्या वाट्या काढायच्या होत्या, पण उठवत नव्हतं.

"आणि मी?" मी विचारलं. "मी कशी दिसते त्या डोळ्यानं?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. आधी एक डोळा झाकला. मग हात बदलून दुसरा.

"दोन्हींनी सारख्याच," त्या म्हणाल्या. "पिवळट. बसा तुम्ही, आज वाट्या मी काढते."

आणि एका हातावर जावई तसाच ठेवून, दुसऱ्या हातानं फळीला धरत, त्या वाकायला लागल्या.